पाणी टाकू नका

पाच वर्षं मी आमच्या गावची सरपंच होते. गाव नेकनूरच्या जवळ, बीडला जायचं तर मांजरसुंब्यावरून जावं लागतं. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून मला उभं केलं होतं. निवडून आल्यावर सही माझी आणि बाकी सगळा कारभार मालकांचा. मालक म्हणजे आमचे हे. ग्रामसभेत मी डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत बसायचे आणि बोलायचे ते. लोक सरपंच म्हणायचे तेही त्यांनाच, अजूनही म्हणतात. मला सरपंचबाई म्हणायचे ते झेंडावंदनाच्या दिवशी, तेही मास्तर. अख्ख्या मुदतीत मी गावासमोर तोंड म्हणून उघडलं नाही. उघडलं ते मुदत संपल्यावर, पोळ्याच्या दिवशी, मारुतीच्या पारासमोर. जे बोलले ते ऐकून अर्ध्या गावाने माना खाली घातल्या. मला त्या बोलण्याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

मालकांना शौचातून रक्त जायचं. हे मला कळलं फार उशिरा, कारण आमच्याकडे पुरुषमाणसं असलं काही बायकोला सांगत नाहीत, पारावरच्या दोस्तांना सांगतात. दोस्तांचं निदान तयारच होतं, मूळव्याध. गावात कुणालाही रक्त गेलं की ती मूळव्याधच असते, दुसरा रोग देवाने केलेलाच नाही. मग कुणी सुरण खायला सांगितला, कुणी कमरेला मुळी बांधून दिली. ही मुळी मला त्यांच्या करदोट्याला दिसली, तेव्हा सगळं बाहेर आलं. त्यात ह्यांची काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या रोज चालू. म्हणजे आगीत तेल.

आमचा मुलगा बीडला क्लासमध्ये शिकवतो. मी त्याला फोन केला आणि त्याने बापाला जवळजवळ उचलूनच पोटाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी खालून दुर्बीण घातली. मोठ्या आतड्यात एक चांगला मोठा कोंब निघाला. पॉलिप म्हणतात त्याला. अंगावर चामखीळ असते तसं ते आतून वाढलेलं मांस. आज साधं आहे, पण ठेवलं तर पुढे कॅन्सरचं होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून एक गोळी आधीच थांबवली होती. तारेचा फास टाकून कोंब मुळापासून काढला, तपासायला पाठवला. पुढे रिपोर्ट चांगला आला, ते जाऊ द्या. गोष्ट त्याच्या अलीकडची आहे.

घरी सोडताना डॉक्टर मालकांना सूचना देत होते आणि मालक मान डोलावत होते. ती मान मला चांगली ओळखीची आहे. तहसीलदार, बीडीओ, कुणीही समोर असो, ते अशीच डोलावतात आणि बाहेर आल्यावर स्वतःच्या मनाचं करतात. म्हणून मीच खुर्ची पुढे ओढली.

"डॉक्टर, मला सांगा. घरी मी असते."

डॉक्टर माझ्याकडे वळले आणि नीट सांगितलं. कोंब काढला तिथे आत जखम आहे. तिच्यावर खपली धरते. ती खपली सुटताना रक्त येऊ शकतं, आणि ते लगेच येतं असं नाही, दोन आठवड्यांपर्यंत कधीही येऊ शकतं. आता गोळी परत सुरू होणार, म्हणून जास्त जपायचं. वजन उचलायचं नाही, कुंथायचं नाही, अंगाला हिसका बसेल असं काही करायचं नाही. हृदयाची गोळी मनाने बंद करायची नाही आणि अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही. आणि रोज बघायचं. लाल रक्त, गाठी, डांबरासारखं काळं, नाहीतर चक्कर आणि घाम, यातलं काहीही दिसलं की घरात बसून विचार करायचा नाही, निघायचं.

रोज बघायचं म्हणाले, पण बघणार कुठे? आमचे मालक अजून टमरेल घेऊन रानात जाणारे. माझ्या मुदतीत गावात घरोघरी संडास झाले, हागणदारीमुक्त गावाच्या फलकावर माझं नाव आहे, आणि आमच्या स्वतःच्या संडासात सरकीची पोती रचलेली होती! ह्यांना चार भिंतींच्या आत मोकळं वाटत नाही. आमची जमीन काळी. त्या रानात, पहाटेच्या अंधारात, रक्त पडलं काय आणि पाणी पडलं काय, माणसाला काय कळणार?

बीडहून आल्या आल्या मी गड्याला सांगून पोती बाहेर काढली, संडास घासून पांढरा केला, बादली भरून ठेवली आणि मालकांना सांगितलं, "आजपासून हितंच जायचं. अन् मी बघितल्याबिगर पाणी टाकायचं न्हाई."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हंजे मी तुला बोलावून दावायचं व्हय?"

"दावायचं."

"लाज हाय का न्हाई काही?"

"ती तुमी ठेवा. मला डॉक्टरनं काम दिलंय."

पहिल्या सकाळी ते संडासातून बाहेर आले आणि गोठ्याकडे तोंड करून उभे राहिले. मी मोबाईलची बॅटरी लावून बघून आले. साफ होतं. लेकरांचं काढलं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं काढलं, गाईवासरांचं तर रोजच काढते, मला कसली आलीय किळस. पण ह्यांना मात्र दिवसभर माझ्या नजरेला नजर देता येईना. दोनचार दिवसांत तेही सरावले. बाहेर येऊन "बघ गं" म्हणायचे आणि चहाला बसायचे. एकदा तर मी आतूनच "साफ हाय" म्हणून ओरडले तर म्हणतात कसे, "मग, माल कुणाचा हाय!" मी चहा गाळता गाळता हसले. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही इतके मोकळे कधी झालो नव्हतो.

आठवडा असा बरा गेला आणि पोळा आला.

आमच्या गावात आता ट्रॅक्टर जास्त आणि बैल कमी. तरी पोळ्याला सगळ्या जोड्या मारुतीसमोर येतात आणि आमची जोडी तोरणाखालून गेल्याशिवाय दुसरी कुणाची जात नाही. तो मान आमच्या घराचा. पण ह्यांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे चुलत दीर, त्यांचं म्हणणं की आजा एकच, तेव्हा मान आळीपाळीने पाहिजे. यावरून दोघांचं बोलणं तुटलेलं. एका निवडणुकीत दीर आमच्या विरोधातल्या पॅनलमध्ये गेले आणि उरलंसुरलं तेही संपलं. घरं मात्र लागून आहेत, मध्ये एक भिंत. भिंतीच्या पलीकडे ते शिंकले तरी इकडे ऐकू येतं, पण गेली कित्येक वर्षं ह्या भावाने त्या भावाला "जेवला का" म्हणून विचारलं नव्हतं.

मी मालकांना आधीच बजावलं होतं की यंदा बैल गडी धरील, तुम्ही नुसतं बाजूने चालायचं. त्यांनी मान डोलावली. तीच ती मान! पोळ्याच्या सकाळी बैल धुवायला ओढ्यावर नेले. डावीकडचा बैल नवा, अंगाने मस्तावलेला, फटाक्याला बुजला. मालकांनी त्याची दोरी धरली आणि त्याने ह्यांना चांगलं फरफटत नेलं, टाचा चिखलात रुतवून त्यांनी तो आवरला. हे गड्याने मला सांगितलं. मी जाब विचारला तर म्हणतात, "डॉक्टरनं वजन उचलू नको म्हणलं. दोरी धरणं म्हंजे वजन उचलणं हाय का?"

बैल ओढत असतो तेव्हा दोरीला माणूस सगळ्या अंगाचा जोर लावतो, हे ह्यांच्यासारख्या जन्मभर बैल वागवलेल्या माणसाला मी सांगायचं? पण ह्यांच्या डोक्यात ते बसतच नव्हतं. दोरी धरणं हे काम नव्हे, तो मान. आणि मानाचा भार कुणाच्या अंगावर येतो होय!

दुपारी बैलांची शिंगं रंगवून झाली, झुली चढल्या, बाशिंगं बांधली. मारुतीकडे हलगी वाजायला लागली. मालक पांढरंशुभ्र धोतर नेसले, गुलाबी फेटा तयार ठेवला आणि जरा जाऊन येतो म्हणून संडासात गेले. मी चुलीपाशी पोळ्या लाटत होते. मला आतून बादली ओतल्याचा आवाज आला. लगेच दुसऱ्यांदा आला.

मी लाटणं ठेवून उठले.

ते बाहेर आले. मी म्हणाले, "पाणी कावून टाकलं?"

"विसरलो."

कपाळावर घाम होता. ऊन तापलेलं होतं, पण हा घाम उन्हाचा नव्हता. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "खरं सांगा."

ते फेटा हातात घेऊन बाजेवर बसले. खाली बघत म्हणाले, "आलंय. जरा जास्तच आलंय. लाल." आणि लगेच, "मिरवणूक होऊ दी. तासाभराचा खेळ हाय. मग जाऊ म्हनशील तिथं."

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि म्हणाले, ताबडतोब निघा, पोटात काही देऊ नका, त्यांना चालवू नका. मी शेजारच्या काळी-पिवळी जीपवाल्याला हाक मारली. तो पोळा म्हणून घरीच होता. जीप दारात आली तरी मालक बाजेवरून उठेनात.

"अगं, आज आपली जोडी गेली न्हाई तर तो नेणार. एकदा गेला की मान गेला. पोरानं उद्या काय म्हणावं मला?"

इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. रक्त वाहून चाललंय, तोंड पांढरं पडलंय, आणि या माणसाला भीती कशाची, तर चुलतभावाची! मी म्हणाले, "पोरगं काय म्हणंल ते मी बघते. पोराला बाप पायजे, तोरण न्हाई. उठा." आणि खरं सांगते, मी त्यांना दंडाला धरून उठवलं. ते उठले, कारण बळ माझ्यात होतं, त्यांच्यात नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा मनातून भीती वाटली. चिडले तर ते माझं ऐकत नाहीत, आज ऐकत होते.

जीपला रस्ता एकच, मारुतीसमोरून. तिथे बैलच बैल, माणसंच माणसं. हॉर्न वाजवला तर कुणी हलेना. हलणार कसे? आमची जोडी पुढे आल्याशिवाय रांग सरकतच नाही. गडी आमचे बैल घेऊन तोरणाखाली उभा होता आणि लोक विचारत होते, सरपंच कुठं हायेत, सरपंच कुठं हायेत.

मी जीपमधून उतरले. पाराच्या पायरीवर चढले. पदर घसरला होता, तो सावरायला हात मोकळा नव्हता, हातात रिपोर्टची पिशवी होती.

"सरपंच जीपमधी हायेत," मी ओरडून म्हणाले. हलगी थांबली. "त्यांना संडासातून रक्त चाललंय. मूळव्याध न्हाई. आतड्यातला कोंब काढलाय, त्या जागेवरनं रक्त येतंय. जीव जाऊ शकतो. आमी बीडला निघालोत. वाट करा."

म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या, एकदोन पोरं फिसकन हसली. पोळ्याच्या दिवशी, देवासमोर, बाईने, नवऱ्याच्या संडासाचं! पण मला त्या घडीला कुणाचंच काही वाटत नव्हतं. मला दीर दिसत होते, रांगेत दुसरे, आपली जोडी धरून उभे. मी गड्याच्या हातातली नव्या बैलाची दोरी घेतली आणि त्यांच्यासमोर धरली.

"भावजी, आमची जोडी तुमी न्या. फुडं."

त्यांनी जीपकडे बघितलं. मालक आत सीटवर आडवे पडले होते, डोळे मिटून. दिरांनी आपल्या बैलांच्या दोऱ्या शेजारच्याच्या हातात दिल्या, आमच्या बैलाची दोरी मनगटाला गुंडाळली आणि म्हणाले, "वैनी, तुमी निगा. जोडी माझ्याकडं हाय." मग मागे वळून गावाला म्हणाले, "सरका बे! जीप जाऊ द्या आधी!"

जीप गावाबाहेर पडली तेव्हा मागे हलगी परत सुरू झाली. मालकांचे पाय मी मांडीवर घेतले होते. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "कुणी धरली?"

"गप पडा."

"कुणी?"

"तुमच्या भावानं."

घाट उतरताना त्यांनी डोळे उघडले. "आधी कुणाची गेली?"

"आपली. वळून बघितलं मी."

त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. डोळ्यातून पाणी आलं होतं, ते मी पदराने पुसलं. बाकी रस्ताभर मी त्यांना काही ना काही विचारत राहिले, गप्प झाले की हलवत राहिले.

दवाखान्यात मुलगा दारातच उभा होता. स्ट्रेचर, सलाईन, रक्ताची तपासणी, त्यांच्या गटाचं रक्त आणून ठेवणं, सगळं भराभर झालं. डॉक्टर विचारत होते आणि मी उत्तरं देत होते. रक्त कधी आलं, रंग कसा, घाम कधी सुटला, सकाळी कुठली गोळी घेतली. बैलाने फरफटत नेल्याचंही सांगितलं. मालक स्ट्रेचरवरून डोळ्यांनीच मला गप्प बसायला सांगत होते, मी मुद्दाम जास्त सांगितलं. हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून गोळीचं काय करायचं ते त्या दोघांनी ठरवलं. आतडं साफ करायचं औषध पाजलं आणि परत दुर्बीण घातली. जखमेच्या तळाशी एक शीर उघडी पडली होती. तिच्यावर डॉक्टरांनी बारीक चिमटे लावले. दोरीवर कपडे वाळत घालताना लावतो तसेच, फक्त तांदळाच्या दाण्यासारखे. रक्त थांबलं. चिमटे आपोआप पडून जातात, काढायला यावं लागत नाही, असं सांगितलं.

बाहेर येऊन डॉक्टर मुलाला म्हणाले, "तुमच्या आईंनी वेळेत आणलं. अजून थांबले असते तर अवघड होतं." मला ऐकू आलं होतं, तरी मी मुलाला विचारलं, "काय म्हणले रं?" त्याने परत सांगितलं. मग मालक शुद्धीत नीट आल्यावर मी त्याला त्यांच्यासमोर पुन्हा सांगायला लावलं. हौस म्हणा हवी तर.

घरी आलो तर गावभर माझंच नाव. बायका म्हणायच्या, बाई, तुझी कमाल आहे, कसं बोलवलं तुझ्याच्यानं. काहींनी नाकं मुरडली. त्यांना मी काहीच म्हणाले नाही, त्यांचे नवरे अजून रानात जातात.

दसऱ्याच्या आसपास एका दुपारी दीर आमच्या अंगणात आले. मालक घरात झोपले होते. दीर उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. टोपी काढली, परत घातली.

"वैनी," ते हळूच म्हणाले, "मलाबी जातंय. रक्त. लई दिसापासनं. मूळव्याध म्हणून सुरण खातोय. तुमी त्या दिशी पारावर बोलल्या, तवापासनं झोप न्हाई मला." मग दाराकडे बघून, "दादाला नका सांगू."

"सांगणार," मी म्हणाले.

मी आत जाऊन मालकांना उठवलं आणि सगळं सांगितलं. ते टोपी घालून अंगणात आले. इतक्या वर्षांनी दोघे भाऊ समोरासमोर उभे होते आणि मला वाटलं आता दोघांपैकी कुणाला तरी शब्द सुचावा. मालक म्हणाले, "चल बे. कापडं घाल. बीडला जायचंय." झालं, एवढंच. जाताना जीपच्या पुढच्या सीटवर भावाला बसवलं आणि स्वतः मागे बसले.

दिरांच्याही आतड्यात कोंब निघाला. तोही वेळेत निघाला. घरी आल्यावर जाऊबाई भिंतीशी येऊन मला विचारत होत्या की काय बघायचं, कसं बघायचं, आणि मी सांगत होते. तेवढ्यात मालक मागून आले आणि म्हणाले, "सरक, मी सांगतो. मला ठाऊक हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती त्यांच्या आवाजाने. बाहेर येऊन बघते तर आमचे मालक, ज्यांनी पोळ्याच्या दिवशी माझ्यापासून लपवायला दोन बादल्या ओतल्या होत्या, भिंतीला लागून ठेवलेल्या दगडावर चढून पलीकडे ओरडत होते.

"बे! पाणी टाकू नको! आधी बायकोला बोलाव!"

पलीकडून संडासातून दिरांचा आवाज आला, "न्हाई टाकत दादा! बोलावलंय तिला!"

सगळ्या गल्लीने ऐकलं. माझ्या पाच वर्षांच्या सरपंचकीत एकाही ठरावाची गावात अशी अंमलबजावणी झाली नव्हती.